नाकाची नोंद



आपली शाखा कान, नाक आणि घशाची. ऐकू किती येते ते आपण डेसिबलमध्ये मोजतो. घशात दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहतो. नाकाचा पडदा वाकडा असेल तर सीटी स्कॅन काढतो. पण रुग्णाला वास किती येतो, याबद्दल केस पेपरवर बहुधा एक अक्षरही नसते. त्या रिकाम्या जागेबद्दल मला आज बोलायचे आहे.

एप्रिल २०२१. नागपुरातली कोविडची ती दुसरी लाट आपल्यापैकी कुणीच विसरलेले नाही. मेडिकल, मेयो, एम्स ही रुग्णालये, खासगी दवाखाने, सगळीकडे खाटांसाठी धावपळ होती. त्या दिवसांत डबे करून घर चालवणारी एक बाई तापातून उठून माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, मले फोडणीचा वासच येत नाही जी. मिरचीचा ठसका तेवढा लागते." मी बामची डबी तिच्या नाकाशी धरली. "येते," ती म्हणाली. मी कागदावर लिहिले : वास येतो. चार महिन्यांनी तिच्या स्वयंपाकघरात गॅस गळत होता. तिला पत्ता नव्हता. शेजारच्या मुलीला वास आला म्हणून अनर्थ टळला.

चूक माझी होती. बामातला मेन्थॉल आणि कापूर, मिरचीचा ठसका, अमोनियाचा झणका, हे सारे नाकातल्या ट्रायजेमिनल या दुसऱ्याच मज्जातंतूला जाणवते. वास पूर्ण गेलेल्या माणसालाही झोंबते, थंड वाटते, डोळ्यांत पाणी येते. झोंबणे म्हणजे वास येणे नव्हे. तिने मला खरे तेच सांगितले होते, आणि मी चुकीचे साधन वापरून ते खोटे ठरवले. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळतात. ज्याचे नाक गेले, त्याच्या घरात ही सारी योजना निकामी होते.

सर्दीत वास जातो हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. नाक चोंदले की हवा वरच्या, वास टिपणाऱ्या गंधपटलापर्यंत पोहोचत नाही. नाक मोकळे झाले की वास परततो. पण सर्दी-फ्लूचे काही विषाणू गंधपटलालाच इजा करतात, हे आपण कोविडच्या फार आधीपासून पाहत होतो. कोविडमध्ये ते हजारोंच्या संख्येने दिसले. नाक स्वच्छ, श्वास मोकळा, आणि वास मात्र शून्य. कोविडचा विषाणू पेशीत शिरण्यासाठी एसीई-२ हा ग्राही (रिसेप्टर) वापरतो. तो गंध ओळखणाऱ्या चेतापेशींवर नसून त्यांना सांभाळणाऱ्या आधारपेशींवर आहे, असे २०२० मध्येच दिसून आले. म्हणूनच बहुतेकांचा वास परतला. पण काहींचा आला नाही, आणि काहींचा आला तो विपरीत होऊन आला : कॉफी जळकी, कांदा कुजका, तळण असह्य.

ब्रिटनने १८ मे २०२० रोजी आणि आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १३ जून २०२० रोजी वास किंवा चव जाणे हे कोविडचे लक्षण म्हणून यादीत घेतले. ते योग्यच झाले. पण व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच उरला की रुग्णाला विचारायचे, "वास येतो का?" आणि उत्तर लिहायचे. विचारणे आणि तपासणे यांत किती अंतर आहे, ते तेहरानच्या एका अभ्यासाने दाखवले. तिथे ६० कोविड रुग्णांना चाळीस वासांची चाचणी दिली. ५९ जणांची घ्राणशक्ती कमी भरली. आपला वास कमी झाला आहे हे मात्र साधारण तिघांपैकी एकालाच जाणवले होते. आपल्याच राज्यात, पुण्याच्या आयसर या संशोधन संस्थेत डॉ. निक्सन अब्राहम यांच्या गटाने बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांसोबत मोजून वास देणारे यंत्र वापरले. एकही लक्षण नसलेल्या बाधितांतही गंधदोष सापडला. विचारले असते तर त्यांतले बहुतेक "मला काही नाही" म्हणाले असते.

याचे कारण रोजच्या जगण्यात आहे. वास हळूहळू कमी झाला तर माणसाला कळत नाही. जेवण बेचव लागते, आणि तो म्हणतो "चव गेली". जिभेवर गोड, आंबट, खारट, कडू शाबूत असते. गेलेला असतो तो घास चावताना घशामागून नाकात चढणारा गंध. संत्र्याची फोड आंबटगोड लागते, पण संत्रे लागत नाही. आपल्या नागपूरकराला याहून स्पष्ट उदाहरण काय द्यावे!

मग तपासायचे कशाने? चाळीस वासांची ती प्रसिद्ध चाचणी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड डोटी यांनी १९८४ मध्ये मांडली. तिच्यात रूट बिअर, जिंजरब्रेड, डिल लोणचे असे वास आहेत. गडचिरोलीहून आलेल्या माणसाने रूट बिअर ओळखली नाही, तर दोष त्याच्या नाकाचा की आपल्या प्रश्नपत्रिकेचा? त्याला मोहफुलाचा वास द्या. नागपूरच्या इतवारीतल्या माणसाला हिंग, वेलची, मेथी द्या. गुलाब, मोगरा, लवंग, संत्र्याची साल ही आपली वर्णमाला आहे. दिल्लीच्या एम्समध्ये पार्किन्सनच्या रुग्णांसाठी भारतीय वासांची चाचणी तयार झाली होती. म्हणजे वाट अनोळखी नाही.

विदर्भासाठी आपण दहा वासांची चाचणी बांधू. प्रत्येक वासाला चार पर्याय, डोळे मिटलेले, दोन्ही नाकपुड्या वेगवेगळ्या. वास कागदी पट्टीवर, पट्टी एका रुग्णानंतर टाकून द्यायची. चार पर्यायांत नुसत्या अंदाजाने दोन-तीन उत्तरे बरोबर येतात, हे तरुण मित्रांनी ध्यानात ठेवावे. सगळ्यात आधी ही चाचणी निरोगी माणसांवर घ्यावी लागेल, वयानुसार, शहरात आणि खेड्यातही. सत्तरीतल्या नाकाला विशीतले गुण मागता येत नाहीत.

या चाचणीकडून भलती अपेक्षाही नको. वास जाण्यामागे नाकातले कोंब, तंबाखू, डोक्याला मार, पार्किन्सन अशी अनेक कारणे असतात. ओमायक्रॉनच्या लाटेत वास जाण्याचे प्रमाण बरेच घटले. ही चाचणी आरटी-पीसीआरची जागा घेणार नाही. रुग्णाचे काय हरवले आणि किती परतले, एवढेच ती सांगेल. तेवढे पुष्कळ आहे.

कारण उपचार आहे, आणि तो स्वस्त आहे. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये गंधसराव मांडला. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. दिवसातून दोनदा, बारा आठवडे, मन लावून हुंगायचे. गंधपटलाच्या तळाशी नव्या चेतापेशी घडवणाऱ्या पेशी असतात. सरावाने अनेकांना फायदा होतो. पण बारा आठवडे रोज हुंगत राहायला माणसाला उमेद लागते, आणि उमेदीला पुरावा लागतो.

डबे करणाऱ्या त्या बाईला मी पुन्हा बोलावले. या वेळी अशाच दहा पट्ट्या देऊन नीट तपासले. दहापैकी दोन वास ओळखता आले. सराव दिला. तीन महिन्यांनी ती म्हणाली, "काहीच फरक नाही जी." मी पुन्हा दहा पट्ट्या हुंगायला दिल्या. पाच बरोबर आले. कागदावरचे ते दोन आकडे तिने बराच वेळ पाहिले, आणि सराव सोडायचा नाही असे ठरवून ती घरी गेली. तिच्या नाकाला अजून न जाणवलेली सुधारणा आधी कागदाला दिसली होती.

म्हणून माझी विनंती एकच आहे. श्वसनमार्गाचा विषाणूसंसर्ग होऊन गेलेला प्रत्येक रुग्ण आपल्या ओपीडीत आला की त्याचा वास तपासा, आकडा लिहा, महिन्याने आणि तीन महिन्यांनी पुन्हा लिहा. दुसऱ्या लाटेतल्या हजारो नाकांची नोंद आपल्याकडे नाही. पुढच्या साथीत असे होऊ नये. उद्या सकाळच्या पहिल्या केस पेपरपासून सुरुवात करूया.