छोट्या विमानाचा रेडिओ

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले भाषण)



दरवर्षी आम्ही या स्टेजच्या मागे असतो. माइक शिटी मारायला लागला की सगळे ज्यांच्याकडे वळून बघतात, ते आम्ही तिघे. यंदा कार्यवाहांनी आम्हाला पुढे ढकलले, ते एका रेडिओच्या खरेदीपायी. खरेदी आपल्या मांडवीतल्याच एका मुलासाठी होती आणि सल्ला आमचा होता. सल्ला चुकला, हे आधीच सांगून टाकतो.

मुलगा दक्षिणेत नोकरीला आहे. त्याने आणि दोन मित्रांनी वर्गणी काढून दोन आसनांचे जुने मायक्रोलाइट विमान घेतले. ऐकून आपल्यापैकी अनेकांनी कपाळाला हात लावला होता. पण ही हौस आपल्या लोकांना नवीन नाही. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले आणि २०१७ साली डीजीसीएने त्याची नोंदणी केली. आपल्या वडोदऱ्यात तर २०२४ पासून सी-२९५ हे हवाई दलाचे मोठे विमान जोडण्याचा कारखानाच उभा आहे. तर मुलाचा फोन आला, "काका, विमान उडतंय, पण त्यातला रेडिओ मेलाय. स्वस्त आणि भरवशाचा कोणता घेऊ?" वडील नुकतेच निवृत्त झालेले, मुलाच्या डोक्यावर हप्ते. वहिनींनी फोन घेऊन एवढेच विचारले, "पैसे वाचवायच्या नादात त्याचं बोलणं तुटायचं नाही ना?"

मित्राने त्याला विसर्जनाच्या मिरवणुकीत आपण वापरतो तसला वॉकी-टॉकी सुचवला होता. तो आम्ही लगेच बाद केला. विमानांचे बोलणे चालते ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि तेही एएम पद्धतीने. बाजारातले स्वस्त वॉकी-टॉकी बहुतेक १३६च्या पुढे सुरू होतात आणि एफएमवर बोलतात. टॉवरला त्यांचे एक अक्षर कळणार नाही.

इथे कुणी विचारेल, एफएम एवढे स्वच्छ असताना विमानवाले जुन्या एएमला का चिकटून बसले? कारण पटण्यासारखे आहे. एफएमवर दोघे एकदम बोलले तर जोरदार आवाज दुबळ्याला गिळून टाकतो, दुबळा बोलला हेच कळत नाही. एएमवर दोघांची सरमिसळ होते, शिटी वाजते, पण दुसरे कुणीतरी बोलतेय हे टॉवरला समजते. संकटातल्या विमानासाठी तेवढे पुरेसे असते.

पण एएमची एक खोड आहे आणि ती आपल्या पिढीला चांगली माहीत आहे. घरात मीडियम वेव्हवर बातम्या चालू असायच्या आणि शेजारच्याने लुना सुरू केली की रेडिओ खरखरायचा. आठवते? प्लगमध्ये ठिणगी पडते, ती ठिणगीही एक प्रकारचे प्रक्षेपणच असते, आणि एएमचा रेडिओ ते इमानेइतबारे ऐकवतो. डिप्लोमाला हे आम्ही शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते. ऐन वेळी आठवले नाही.

आता खरेदी. दोन प्रकार होते. एक पॅनेलमध्ये बसवायचा संच, साधारण सहा वॅटचा, परदेशात किंमत हजार डॉलरच्या पुढे. दुसरा हातातला, आयकॉम किंवा येसूसारख्या कंपन्यांचा, दीड-पावणेदोन वॅटचा, २०० ते ५०० डॉलरच्या घरात. दीड वॅट म्हणजे फारच कमी वाटते ना? पण या लहरी सरळ रेषेत जातात, म्हणून अंतर ठरते ते मुख्यतः उंचीने. विमान ३०० मीटर उंचीवर असेल तर रेडिओचे क्षितिज सुमारे ७० किलोमीटरवर असते, आणि तिथवर मधे अडथळा नसला तर दीड वॅटही पोचतो. हातातला घ्यायचे ठरले, ते बरोबरच होते.

मग सरकारी नोकरीची सवय आडवी आली. तीन कोटेशन मागवली, तक्ता केला आणि सर्वांत कमी भावावर टिक केली. दुकानदाराने संच खराही दिला, त्याची तक्रार नाही. पण तक्त्यात आम्ही फक्त संच धरला होता. बाहेरचा अँटेना, केबल, हेडसेट जोडायचा अडॅप्टर ही सगळी "नंतर बघू" म्हणून आम्हीच खोडली. मुलाने जमिनीवर, इंजिन बंद ठेवून टॉवरशी बोलून पाहिले. आवाज खणखणीत. आम्ही मांडवीत बसून एकमेकांची पाठ थोपटली.

दुसऱ्या रविवारी तो उडाला. परत येताना टॉवरला हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली. कानात नुसती खरखर आणि तिच्यात कुठेतरी माणसाचा आवाज. टॉवरला तो तुटक ऐकू येत होता. पाच म्हणजे स्वच्छ अशा मोजपट्टीवर त्यांनी त्याला दोन दिले, हे त्याला खाली उतरल्यावर कळले. त्याच वेळी दुसरे एक विमान उतरायला येत होते. ते याला दिसत होते, पण याला पाहून ते बाजूला होणार की नाही, हे विचारायची सोय उरली नव्हती. पोराने डोके शांत ठेवले. धावपट्टीच्या बाजूने घिरट्या घालत टॉवरच्या काचेकडे बघत राहिला. दुसरे विमान उतरले आणि मग टॉवरवरून याच्या दिशेने हिरवा दिवा स्थिर धरला गेला. रेडिओ बंद पडलेल्या विमानासाठी 'उतरा' अशी ती खूण आहे. उतरून त्याने आम्हाला फोन केला, आईला नाही. आम्हीही वहिनींना ते चार महिन्यांनी सांगितले, आणि त्या आमच्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत.

आमच्यापैकी दोघे रजा टाकून गेलो. जाताना मनात एकच, संच बदलायचा. तिथे इंजिन चालू करून ऐकले तेव्हा लाज वाटली. ती लुनाच होती. इंजिनचा वेग वाढवला की खरखर वाढे, म्हणजे ठिणगीचा त्रास. त्यात मधून मधून टिक-टिक येई. एकेक स्विच बंद करत गेलो, तो पंखावरच्या लुकलुकत्या दिव्याचा निघाला. आणि रेडिओचा बोटभर रबरी अँटेना अॅल्युमिनियमच्या नळ्यांच्या सांगाड्यात, वैमानिकाच्या गुडघ्यांच्या मधे. पिंजऱ्यात बसून हाक मारण्याचा प्रकार.

परवानाधारक इंजिनिअरला विचारून, त्याच्या सहीने कामे केली. प्लगना रेझिस्टरवाल्या टोप्या, ठिणगीच्या वायरींवर जाळीचे कवच, दिव्याची वायर रेडिओपासून लांब. बाहेर साठ सेंटिमीटरचा अँटेना. ही लांबी लहरीच्या लांबीचा चौथा हिस्सा असते. कापडी अंगाच्या विमानात अँटेनाखाली धातू नसतो, म्हणून अॅल्युमिनियमचा पत्रा द्यावा लागला; तो नसेल तर चांगला अँटेनाही अर्धा मुका होतो. चांगल्या प्रतीची केबल, आणि हँडलवर बोलायचे बटण. हे बटण स्वस्तातले घेऊ नका. ते दाबलेले अडकून बसले तर तुमचे विमान सगळ्यांचीच वाट अडवते, कुणालाच बोलता येत नाही.

मग इंजिन पूर्ण वेगाने चालवून टॉवरला विचारले. पाचपैकी पाच. संच तोच होता, सर्वांत कमी भावाचा. वरचा खर्च मिळून संचाच्या निम्म्याहून थोडा जास्त झाला. तक्त्यात तो पहिल्या दिवशीच धरायला हवा होता.

आता आपल्यापैकी बऱ्याच घरांतून मुले अमेरिकेत आहेत, म्हणून एक सांगतो. "येताना बॅगेत घालून आण, तिकडे स्वस्त मिळतो" हे रेडिओच्या बाबतीत करू नका. बोलणारा रेडिओ आणायला आणि वापरायला केंद्र सरकारच्या वायरलेस खात्याची परवानगी लागते. विमानातून बोलायला वैमानिकाकडे आरटीआर हा परवानाही लागतो, त्याची परीक्षा पूर्वी दूरसंचार खाते घेई, २०२५ पासून ते काम डीजीसीएकडे आले आहे. आपले वडील पोस्टात जाऊन घरातल्या रेडिओचे लायसन्स भरत, आणि तो तर नुसता ऐकायचा होता.

सुटी बॅटरी बरोबर असावी. काही संचांना साधे पेन्सिल सेल घालायची डबी मिळते, ती घ्यावीच. मुलाने घेतली आहे. वहिनींनी त्या डबीत भरायला सेलचे पाकीट कुरिअरने पाठवले, लाडवांच्या डब्यातून.

हे सगळे झाल्यावर आमचे लक्ष आपल्या मंडळाच्या वॉकी-टॉकींकडे गेले. तीन वर्षांपूर्वी आम्हीच ते ऑनलाइन मागवले होते, कुठल्या पट्ट्यात चालतात हे न बघता. ते विनापरवाना वापरता येणारे नव्हते. २०२५ साली केंद्र सरकारने अशा संचांच्या ऑनलाइन विक्रीवर नियम काढले, तेव्हा आमची झोप उडाली. ते आता कपाटात कुलपात आहेत. यंदा ४४६ मेगाहर्ट्झचे, अर्ध्या वॅटचे, परवाना न लागणारे चार संच घेतले आहेत. मांडवीपासून लहेरीपुरा दरवाज्यापर्यंत त्यांचे बोलणे पोचते, आम्ही ढोल-ताशाच्या सरावात तपासून पाहिले. त्यापुढे नवलखीच्या तलावापर्यंत मधला निरोप्या लागेल. त्यासाठी दोन तरुण हवे आहेत. नावे आरतीनंतर आमच्याकडे स्टेजच्या मागे द्यावीत.