दगड कुणाचा, इमारत कुणाची



जुन्या शैक्षणिक वास्तूंच्या जतनाचा विचार करण्यासाठी आपण डेक्कन कॉलेजच्या आवारात आला आहात.  येरवड्याच्या या आवारातली मुख्य इमारत म्हणजे इंग्रजांनी पुण्याला दिलेली भेट, असे सर्रास म्हटले जाते. माझ्या मते हे अर्धसत्य आहे, आणि जतनाच्या कामात अर्धसत्य फार महागात पडते.

संस्था इमारतीपेक्षा जुनी आहे. 1821 साली मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनने विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली ती पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातून. (तिथे सुरुवातीला प्रवेश फक्त ब्राह्मणांना होता, हेही आपणच सांगितले पाहिजे.) इथली कोनशिला 1864 साली गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी बसवली आणि 1868 मध्ये त्या पाठशाळेतून घडलेले कॉलेज इथे आले. बांधकामाला जमशेटजी जीजीभॉय घराण्याची घसघशीत देणगी होती. दगड दख्खनचाच. हा करडा बसाल्ट इतका कठीण की नाजूक नक्षी त्याला सहसा मानवत नाही. तेव्हा टोकदार कमानींचा विलायती नकाशा या दगडात उतरवायचा, तर त्याला इथल्या छिन्नीचा सराव असलेला हातच हवा.

यावर कोणी म्हणेल, आराखडा कॅप्टन विल्किन्सचा, शैली गॉथिक, हुकूम सरकारचा. मग उरले काय? आक्षेप खरा आहे, पण तो कोनशिलेच्या दिवसापाशीच थांबतो. याच कॉलेजात टिळक-आगरकर एकत्र आले आणि 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले. 1934 मध्ये सरकारनेच कॉलेज बंद केले, तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी दाद मागितली, प्रकरण कोर्टात गेले, आणि 1939 मध्ये कॉलेज पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. भेट देणाऱ्यानेच दाराला कुलूप लावावे आणि ते उघडायला घेणाऱ्यांनी भांडावे, याला भेट कसे म्हणायचे? पुढे सांकलियांचे पुरातत्त्व आणि इरावती कर्व्यांचे समाजशास्त्र याच संस्थेत वाढले.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: मालकी कुणाचीही असो, गळके छप्पर तर गळकेच! पण डागडुजीचा प्रश्न इथूनच सुरू होतो. इमारत साहेबाची मानली की आपण दर्शनी कमान रंगवतो आणि मागची भिंत ठेकेदाराच्या हवाली करतो. तो चुन्याच्या दरजा खरवडून सिमेंट भरतो. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते, आणि काही पावसाळ्यांत भिंत फुगू लागते. गवंड्याचे काम गॉथिकइतकेच मोलाचे मानले, तर चुना मळणारा माणूस शोधावा लागतो. तो महाग पडतो, वेळही घेतो. या परिषदेने त्या खर्चाचा हिशेब मांडावा, एवढी स्वागत समितीची विनंती आहे. दुपारच्या चहाला बाहेर पडाल तेव्हा दर्शनी कमानीच्या आधी मागच्या भिंतीच्या दरजा पाहून या.