धूळ वाचणाऱ्यांसाठी



या विज्ञानलेखक संमेलनाचे अध्यक्षपद दिल्याबद्दल आभार मानायची रीत आहे, ते मनापासून मानतो. पण खरे आभार हे ठिकाण निवडणाऱ्यांचे. विज्ञानलेखनाची आपली संमेलने शहरांतल्या सभागृहांत होतात. यंदा आपण लोणारच्या विवराच्या काठाशी बसलो आहोत. या खड्ड्याशी जोडलेली लवणासुर राक्षसाच्या वधाची कथा इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. भूवैज्ञानिकांची कथा त्यामानाने कालपरवाची. हा खड्डा ज्वालामुखीने केला की आकाशातून आलेल्या धोंड्याने, हा वाद बरीच वर्षे चालला. तळ्याखालचा खडक छिद्र पाडून वर काढला गेला आणि भारतीय व अमेरिकी संशोधकांनी १९७३ साली त्याविषयीचा शोधनिबंध छापला. त्यातले फेल्डस्पारचे स्फटिक न वितळताच काचेसारखे झाले होते. असे करणारा दाब ज्वालामुखीत मिळत नाही. तो आघातातच मिळतो.

सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर दख्खनच्या काळ्या कातळात, म्हणजे बेसॉल्टमध्ये आहे. आजीने आपल्याला चंद्रावर जो ससा दाखवला, तोही बेसॉल्टचाच आहे. म्हणून चंद्राचे अभ्यासक लोणारला येतात.

आता एक कबुली. या विवराचे वय मी माझ्या पहिल्या लेखात ‘सुमारे ५० हजार वर्षे’ असे लिहिले होते. तेव्हाच्या मापनानुसार ते बरोबर होते. २०११मध्ये आर्गॉनच्या समस्थानिकांवरून नवे वय निघाले : सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. वय दहापटींहून अधिक वाढले आणि मी मात्र पुढची कित्येक वर्षे जुनाच आकडा भाषणांतून सांगत राहिलो. मोजणाऱ्यांनी पुन्हा मोजले. लिहिणाऱ्याने पुन्हा वाचले नाही. आज मला एवढ्याच दुखण्याविषयी बोलायचे आहे.

२३ ऑगस्ट २०२३ची संध्याकाळ कुणी विसरलेले नाही. भारताचे ‘विक्रम’ हे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात अलगद उतरले आणि गल्लोगल्ली पेढे वाटले गेले. माझ्या फायलीत त्या आठवड्याची कात्रणे बोटभर जाडीची आहेत. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये, त्यातून उतरलेल्या ‘प्रज्ञान’ या बग्गीने केलेल्या मापनांचा शोधनिबंध आला. त्याचे कात्रण एकच, तेही चौकटीतले. आणि ती जाड गड्डी ज्या लेखांनी झाली, त्यांत दोन माझे आहेत.

त्या चौकटीत काय होते? त्यासाठी १९६९ सालात जावे लागेल. ‘अपोलो ११’ने साडेएकवीस किलो दगडमाती आणली. यान उतरले होते काळ्या सपाट प्रदेशात, पण त्या मातीत थोडे पांढुरके कणही निघाले. जॉन वुड आणि त्यांचे सहकारी त्या कणांपाशी अडले. काळ्या शेतात पांढरे दाणे आले कुठून? त्यांचा तर्क असा : हे कण दूरच्या उजळ डोंगराळ भागातून उल्कांच्या माऱ्याने उडून आले. तो भाग या हलक्या खनिजाचा असण्याचे कारण, सुरुवातीला चंद्र शिलारसाचा समुद्र होता. जड खनिजे तळाशी बसली आणि हलकी तरंगत वर आली, दुधावर साय धरावी तशी. चंद्राच्या जन्मकाळाची ही गोष्ट मिरीएवढ्याही नसलेल्या कणांतून सुचली.

‘प्रज्ञान’ने २३ ठिकाणी मातीतली मूलद्रव्ये मोजली. त्यांचे प्रमाण त्याच सायीशी जुळणारे निघाले, तेही आधीच्या कुठल्याही यानाने उतरून मोजमाप न केलेल्या दक्षिणेकडच्या प्रदेशात. म्हणजे आपल्या यानाने अर्धशतकापूर्वीच्या तर्काला नवा साक्षीदार मिळवून दिला. अभिमान वाटायचा तर याचा वाटावा. पेढे वाटून झाल्यावर हे सांगायला आपल्यापैकी कितीजण थांबले?

धुळीची आणखी एक गोष्ट सांगतो. २००४मध्ये ‘स्टारडस्ट’ यान ‘वाइल्ड २’ या धूमकेतूजवळून गेले आणि त्याचे कण एरोजेलमध्ये पकडून २००६ साली पृथ्वीवर परतले. एरोजेल म्हणजे जवळजवळ सगळी हवाच असलेला घनपदार्थ. बंदुकीच्या गोळीहून वेगवान कण त्यात रुतून शाबूत राहतो. धूमकेतू सूर्यमालेच्या गोठलेल्या टोकाला घडलेले, म्हणून त्यांत फक्त थंडीतली सामग्री असणार, अशी अपेक्षा होती. निघाली ती भट्टीसारख्या तापमानात, सूर्याजवळ घडणारी खनिजेही. सगळा ऐवज मिलिग्रॅमहून कमी. तेवढ्याने बालपणीच्या सूर्यमालेत किती ढवळाढवळ झाली असेल, याचे चित्र बदलले.

अशी धूळ पृथ्वीवरही सतत पडते. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी हिंदी महासागराच्या खोल तळाच्या गाळातून वैश्विक धुळीचे गोलसर कण वेचले आहेत. तिथे गाळ फार सावकाश साचतो, म्हणून कण हरवत नाहीत. गाळ चाळायचा, चुंबक फिरवायचे, मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण निवडायचा. घरी तांदूळ निवडताना पाहिलेल्यांना ही चिकाटी ओळखीची वाटेल.

भाषेबद्दल थोडे. चांद्रधुळीला आपण सरसकट धूळ म्हणतो. आपल्या विदर्भातल्या फुफाट्याचे कण वारा-पाण्याने घासलेले असतात. चंद्रावर वारा नाही, पाणी वाहत नाही. तिथला कण फुटक्या काचेसारखा धारदार. ‘अपोलो १७’चे हॅरिसन श्मिट हे भूवैज्ञानिक यानात परतल्यावर त्या धुळीने शिंकू लागले. नवा संस्कृत शब्द घडवण्याआधी लेखकाने वाचकाला हा फरक दाखवावा. वस्तू नीट दिसली की साधा शब्दही पुरतो.

संपादकांना आणि लेखकांना माझी एकच विनंती. मोहिमेवरचा पहिला लेख छापाल, त्या दिवशीच वहीत दोन वर्षांनंतरची तारीख घाला. त्या तारखेला त्याच मोहिमेवर दुसरा लेख लिहा : काय सापडले, कोणता तर्क टिकला, कोणता आकडा बदलला. त्याला पहिले पान मिळणार नाही, हे मी जाणतो.

उद्या सकाळी आपण विवरात उतरणार आहोत. अभयारण्य आहे, तेव्हा दगड खिशात घालू नका. वाटेत कुणी विवराचे वय विचारलेच, तर ५ लाख ७० हजार सांगा आणि तो आकडा २०११चा आहे, हेही सांगा. परत गेल्यावर कुणी पुन्हा मोजले आहे का, ते बघा. मीही बघेन.