इंजिनाची नाडीपरीक्षा

यंत्र मुके असते असा एक समज आहे. परंतु ज्याने मोटारसायकलवर काही वर्षे प्रवास केला आहे, त्याला तो पटण्यासारखा नाही. निरोगी इंजिनाचा आवाज स्वाराच्या कानांत इतका मुरलेला असतो, की तो त्याला जाणवतही नाही. ज्या दिवशी त्यात एखादा परका स्वर मिसळतो, त्या दिवशी मात्र त्याचे सारे चित्त तिकडे वेधले जाते. गाडी तशीच पुढे न्यावी, की आहे तेथेच उभी करावी, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर कधी दहा मिनिटांच्या कामासाठी अवघे इंजिन विनाकारण उघडले जाते आणि कधी चालते इंजिन भर रस्त्यात निकामी होते.

निपाणीहून बेळगावकडे येणारा सुमारे पाऊणशे किलोमीटरांचा महामार्ग अशा परीक्षेला फार अनुकूल आहे. निपाणी सोडताच तवंदीचा घाट लागतो; संकेश्वराजवळ हिरण्यकेशी ओलांडल्यावर सपाटीवर वेग घेता येतो; आणि बेळगाव जवळ आले, की वंटमुरीचा घाट येतो. पहाटेचे थंड इंजिन, चढावरचा भार, सपाटीवरची एकसारखी गती आणि उतारावरची विश्रांती, या सर्व अवस्था एकाच प्रवासात येऊन जातात. नेमक्या कोणत्या अवस्थेत आवाज उमटला, हे ज्याने ध्यानात ठेवले, त्याचे अर्धे निदान झालेच म्हणून समजावे.

‘गाडीतून आवाज येतो’ एवढ्या सांगण्यावरून निष्णात कारागिरालाही काही उमगत नाही. टिकटिक, खडखड, ठकठक, घरघर हे शब्द मराठीत उगीच निरनिराळे झालेले नाहीत. सीमाभागातील गॅरेजात गिऱ्हाईक मराठी बोलणारे आणि कारागीर कन्नड बोलणारा असला, तरी तो आवाज तोंडाने काढून दाखविला, की दोघांचे एकमत व्हायला वेळ लागत नाही.

इंजिनाच्या माथ्याकडून येणारी बारीक, नियमित टिकटिक बहुधा टॅपेटची असते. चार स्ट्रोकच्या इंजिनात झडप क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदाच उघडते. इंजिन मिनिटाला 1000 फेऱ्या घेत असेल, तर एक झडप त्या अवधीत 500 वेळाच उघडते. म्हणून हा आवाज इंजिनाच्या गतीहून निम्म्या लयीत पडतो. टॅपेटचे अंतर ठरलेल्या मापावर आणले, की तो सहसा थांबतो. मात्र दोन स्ट्रोकच्या जुन्या जावा गाडीत, जिचे उत्पादन म्हैसूर येथे 1961 साली सुरू झाले, टॅपेट मुळी नसतातच. तेथे अशी टिकटिक ऐकू आली, तर सायलेन्सरचा सांधा आधी तपासावा. तेथून धूर निसटत असेल, तर काजळीचा काळा डाग त्याची साक्ष देतो.

तवंदीचा घाट वरच्या गिअरमध्ये चढताना पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी खडखड झाली, तर पेट्रोलचे मिश्रण सिलिंडरमध्ये नीट जळत नाही असे समजावे. ठिणगी वेळेआधी पडणे, माथ्यावर कार्बन साचणे, इंजिन फाजील तापणे किंवा पेट्रोल हलक्या प्रतीचे असणे, ही त्याची कारणे होत. खालचा गिअर टाकून भार हलका करताच हा आवाज थांबतो. पण तो थांबला म्हणून त्याचे कारण नाहीसे होत नाही.

सर्वांत अधिक जपावे ते ठकठकीला. ही ठकठक दोन प्रकारची असते आणि त्यांतील भेद उष्णतेवरून कळतो. पहाटे इंजिन थंड असताना ऐकू येणारी व तापल्यावर विरणारी ठकठक पिस्टन व सिलिंडर यांच्यामधील वाढलेल्या अंतराची असते. ती काही काळ सोसता येते. याउलट इंजिन तापल्यावर वाढणारी, भार पडताच खोलवरून येणारी ठकठक कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगची असू शकते. तेल तापून पातळ झाले, की झिजलेले बेअरिंग उघडे पडते. असा आवाज आल्यावर पुढचे गावही गाठण्याचा मोह धरू नये. रॉड तुटला, तर इंजिनाचे कवचही फुटते आणि मागचे चाक अवचित जाम होऊन स्वाराच्या जिवावर बेतते. दाट तेल घालून ही ठकठक काही दिवस दडपता येते. झीज मात्र आतल्या आत चालूच राहते.

इंजिनाचा म्हणून वाटणारा प्रत्येक आवाज इंजिनाचाच असतो असेही नाही. गाडी उभी असताना इंजिनाची गती वाढवूनही जो आवाज उमटत नाही आणि चाक फिरू लागताच सुरू होतो, तो साखळीचा किंवा चाकाचा असण्याचा संभव मोठा. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना क्लच दाबताच घरघर थांबली, तर गिअरपेटीचे बेअरिंग तपासावे.

1816 साली पॅरिसमध्ये लॅनेक या वैद्याने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीचे ठोके ऐकले आणि त्यातूनच स्टेथोस्कोप जन्मास आला. कारागिराचा लांब पेचकस तेच काम करतो. त्याचे टोक इंजिनाच्या कवचावर व मूठ कानाजवळच्या हाडाला टेकविली, की आवाजाचे उगमस्थान बरेचसे कळते. हे करताना फिरत्या भागांपासून व तापलेल्या सायलेन्सरपासून हात आणि कपडे दूर ठेवावेत, हे सांगायला नकोच.

2020 सालच्या एप्रिलपासून बीएस-6 मानकांच्या गाड्या आल्या आणि बिघाडाची सूचना देणारा दिवा डोळ्यांसमोर लागू लागला. विजेच्या जोडण्यांतील दोष तो दाखवितो. पण झिजू लागलेल्या बेअरिंगची वार्ता सहसा तो देत नाही. ती अजूनही कानालाच मिळते.

म्हणून परका आवाज येताच प्रथम तेलाची पातळी पाहावी. मग तो कोठून, केव्हा व कोणत्या भाराखाली येतो हे पाहावे. आणि पाना शेवटी हाती घ्यावा. वेळेवर थांबलेल्या गाडीचा झिजलेला क्रँक बेळगावातील उद्यमबागेसारख्या यंत्रकामाच्या वस्तीत पुन्हा नीट करून घेता येतो. घाटात फुटलेल्या इंजिनाच्या बाबतीत मात्र तेथला कसबी हातही फारसे काही करू शकत नाही.