गेलर्टची समाधी

उत्तर वेल्समधील एरिरीच्या डोंगराळ मुलुखात, कॉल्विन आणि ग्लासलिन या दोन नद्यांच्या संगमावर, बेदगेलर्ट नावाचे एक चिमुकले गाव आहे. आणि गावालगतच्या कुरणात, झाडाखाली, कठड्याच्या आत, काही शिळा एका कुत्र्याची समाधी म्हणून दाखविल्या जातात. आख्यायिका अशी, की तेराव्या शतकातील राजा थोरला ल्युएलिन शिकारीस गेला असता, सासऱ्याकडून, म्हणजे इंग्लंडचा राजा जॉन याजकडून, भेट मिळालेला त्याचा लाडका कुत्रा गेलर्ट त्या दिवशी मागेच राहिला. राजा परतला तेव्हा तो शेपूट हालवीत सामोरा आला. पण त्याचे तोंड रक्ताने माखलेले होते. आत पाळणा उलथलेला, दुपटी रक्ताने भिजलेली आणि मूल कोठेच दिसेना! राजाने तलवार उपसून त्याच्या कुशीत खुपसली. त्या मरणाच्या किंकाळीने जागे होऊन पाळण्याखालून मूल रडू लागले. शेजारीच एक प्रचंड लांडगा मरून पडला होता.

पंचतंत्रातील ब्राह्मणाचे मुंगूस येथे कोणास आठवणार नाही? तेथे लांडग्याच्या जागी साप आहे, तलवारीच्या जागी पाण्याची घागर. आणि हीच कथा फारसी-अरबी भाषांतरांच्या वाटेने युरोपात पोहोचली, असे विद्वान मानतात. मला विलक्षण वाटते ते हे, की दोन्ही प्राणी पराक्रम गाजवून स्वस्थ बसत नाहीत, तर शाबासकीच्या आशेने धन्याला सामोरे धावतात, आणि तो भाबडा उतावळेपणाच त्यांच्यावरील आरोपाचा पुरावा ठरतो. तहकीकात कोण करतो!

समाधीची कैफियत मात्र निराळी. अठराव्या शतकाच्या अखेरीस डेव्हिड प्रिचर्ड नामक गृहस्थ तेथील गोट हॉटेल चालवावयास आला, आणि गिऱ्हाईक वाढावे म्हणून त्यानेच त्या शिळा उभ्या केल्या, असे सांगतात. गावाचे नाव बहुधा केलर्ट नामक कोण्या जुन्या संतावरून पडलेले. पुढे 1800 साली स्पेन्सर नामक कवीने या कथेवर कवन रचले, हायडनसारख्या संगीतकाराने त्यास स्वरसाज चढविला, आणि प्रिचर्डच्या दगडांना जणू सनदच मिळाली. मला त्या हॉटेलवाल्याचा राग येत नाही. मुंगसाला आपण तेवढेही दिले नाही.

फ्रान्समध्ये, लिआँच्या परिसरात, गिनफोर नावाच्या अशाच एका कुत्र्याला लोक संत मानू लागले, तेव्हा एतियेन द बूर्बों या धर्माधिकाऱ्याने तेराव्या शतकात त्याची हाडे उकरून जाळविली आणि तेथील राई तोडविली; तरी आजारी मुलांना घेऊन आया त्या जागी येतच राहिल्या, आणि हा शिरस्ता एकोणिसाव्या शतकापर्यंत चालू होता.