जुना फोन आणि थकलेली बॅटरी

बचत गटातल्या आम्ही तिघी पुन्हा तुमच्या भेटीला आलो आहोत. आज बोलायचंय ते आपल्या हातातल्या फोनबद्दल, खरं म्हणजे त्याच्या बॅटरीबद्दल.

विषय कसा निघाला ते आधी सांगतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाई रात्री मळ्यातल्या घरी घसरून पडल्या. घरात ताई आणि त्यांची मुलगी, एवढ्याच. ताईंनी १०८ ला फोन लावला. फोनवर ३० टक्के चार्जिंग दिसत होतं. पलीकडून पत्ता विचारला, ताई सांगायला लागल्या आणि फोन बंद! शेवटी मुलीला शेजारच्या वस्तीवर पळवलं, तिथून फोन केला. गाडी आली, सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, आता त्या काठी घेऊन हिंडतात. पण ताईंच्या मनातून ती रात्र जात नाही. म्हणतात, "महिनाभर फोन असाच दगा देत होता. मीच म्हणायचे, चालतोय तोवर चालवू."

हे वाक्य आपल्या सगळ्यांच्याच तोंडी असतं, नाही का? कारण बहुतेकींचा फोन मुळात आपल्यासाठी घेतलेला नसतो. घरात नवा फोन आला की तो मुलाकडे किंवा मालकांकडे जातो आणि त्यांचा उतरलेला आपल्याकडे येतो. आपल्या हाती पडतो तेव्हाच त्याची बॅटरी दोन-तीन वर्षं वापरलेली असते. आणि त्याच फोनवर गटाचा हिशेब, पापडाच्या ऑर्डरी, शाळेचे निरोप, बँकेचा ओटीपी! मग त्यावर खर्च करायचा म्हटलं की आपल्याला संकोच का वाटावा?

आता बॅटरी थकते म्हणजे काय होतं? आत लिथियमचे कण चार्जिंग करताना एका बाजूला जातात, वापरताना परत येतात. या ये-जा करण्यात दर वेळी थोडे कण आतच अडकून पडतात. बऱ्याच फोनची बॅटरी ५०० पूर्ण चार्जिंगनंतर मूळ ताकदीच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. नव्या काही फोनची जास्त टिकते. अर्धं-अर्धं दोनदा चार्ज केलं तर ते एक पूर्ण चार्जिंग धरायचं. रोज एक म्हटलं तरी दीड वर्षात ५०० होतात.

पण ३० टक्के असताना फोन बंद का पडला? ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आठवा. दिवे लागतात, पण स्टार्टर मारला की बसते. तसंच हे. थकलेल्या बॅटरीला एकदम जोर लावता येत नाही. रेंज कमी असताना फोन लावला, कॅमेरा उघडला, की ती मान टाकते. फोन हळू चालण्यामागेही कधी कधी हेच असतं. जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग कमी केला जातो, हे ॲपल कंपनीने २०१७ साली कबूल केलं होतं.

मात्र दर वेळी दोष बॅटरीचाच असतो असंही नाही. आधी घरीच पाहा. दुसरी केबल, दुसरा चार्जर लावून बघा. चार्जिंगच्या भोकात पिठी किंवा कापसाचं बोंड बसलंय का ते बघा. सुई मात्र घालू नका, दुकानातून साफ करून घ्या. सेटिंगमध्ये बॅटरी या ठिकाणी कोणतं ॲप किती खातंय ते दिसतं. वस्तीवर रेंज नसेल तर फोन सारखा टॉवर शोधत राहतो, त्यानेही चार्जिंग उतरतं. आयफोनमध्ये आणि काही अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरीची ताकद किती उरली तेही लिहिलेलं असतं. ती ८० टक्क्यांच्या खाली गेली असेल तर बदलायचा विचार करावा.

एका बाबतीत विचार करत बसायचं नाही. फोनची पाठ फुगली, काच उचलली गेली, टेबलावर ठेवल्यावर फोन डुगडुगला, तर आत वायू साठून बॅटरी फुगलेली आहे. चार्जिंग लगेच थांबवा, फोन बंद करा. दाबू नका, टोचू नका. गादी, कपडे, गॅस यांपासून लांब, फरशीवर ठेवा आणि दुकानात न्या. कुकरचं रबर गेलं म्हणून कुणी कुकर फेकत नाही, पण गळक्या रबरावर डाळही शिजवत नाही.

आता पैशाचं. आमच्या ताईंनी वहीत हिशेब मांडला. सर्व्हिस सेंटरने मजुरीसकट १,६०० रुपये सांगितले. फोन आणखी दोन वर्षं चालला तर महिन्याला ६७ रुपये. तसाच नवा फोन ९,५०० ला. तीन वर्षं धरली तरी महिन्याला २६४, हप्त्याचं व्याज वेगळं. त्यांच्या फोनची स्क्रीन चांगली, सुरक्षेचे अपडेट येत होते, बँकेचं ॲप चालत होतं. त्यांनी बॅटरी बदलली. दुसऱ्या एका वहिनींना मात्र आम्हीच नको म्हटलं. त्यांच्या फोनची काच तडकलेली, जागा भरलेली, अपडेट कधीच बंद झालेले. अशा फोनवर पैशाचे व्यवहार करणंच धोक्याचं, त्यात बॅटरी घालून काय उपयोग?

बॅटरी कुठे बदलायची? पूर्वी नोकियाच्या फोनची पाठ नखाने उघडायची. आता ती गोंदाने चिकटवलेली असते, म्हणून घरी प्रयोग नको. जवळ सर्व्हिस सेंटर असेल तर तिथेच जा. गावातल्या दुकानात जाणार असाल तर चार गोष्टी आधी विचारा. बॅटरी कोणत्या कंपनीची? वॉरंटी किती महिन्यांची? बिल मिळेल का? उघडताना स्क्रीन फुटली तर भरून कोण देणार? बॅटरीवर बीआयएसचं चिन्ह आणि आर अक्षरापुढे नोंदणी क्रमांक असतो. तो खरा की खोटा हे बीआयएस केअर या ॲपवर बघता येतं. काही तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

आणि मैत्रिणींनो, हे नीट ऐका. बॅटरी बदलायला आपला पासवर्ड लागत नाही. "ताई, पिन लिहून ठेवा, संध्याकाळी या," असं दुकानदार दादा म्हणाले तर समोर बसून काम करून घ्या. चालू करून बघायचा असेल तेव्हा आपणच उघडून द्या. जाण्याआधी फोटो आणि नंबर दुसरीकडे साठवा, सिम आणि कार्ड काढून पर्समध्ये ठेवा. आपल्या फोनमध्ये आपले फोटो आहेत, गटाच्या बायांचे आधार क्रमांक आहेत. यात लाजायचं काही नाही.

जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, दबली की पेट घेऊ शकते. दुकानात किंवा ई-कचऱ्याच्या केंद्रात द्या. नव्या बॅटरीला उष्णतेपासून जपा. चुलीशेजारी, गाडीच्या काचेपाशी, उशीखाली चार्जिंगला लावू नका. २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवलीत तर ती जास्त टिकेल.

आज रात्री एवढं करा. आपल्या फोनची पाठ हाताने चाचपून बघा, आणि तो किती टक्क्यांवर बंद पडतो ते आठवडाभर वहीत लिहा. पुढच्या बैठकीत वही घेऊन या, एकत्र बसून ठरवू. तोपर्यंत आम्हा तिघींचा नमस्कार!