कार्बनच्या बाजारात देशाने काय विकावे?

राष्ट्राराष्ट्रांमध्ये चालणाऱ्या कार्बन क्रेडिटच्या व्यापारासाठी भारतातील कोणते प्रकल्प पात्र ठरावेत, हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो राष्ट्रीय संपत्तीच्या विनियोगाचा प्रश्न आहे. म्हणूनच तो केवळ तज्ज्ञांवर सोपवून चालणार नाही.

प्रथम या व्यवहाराचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. एक टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन टळले की एक क्रेडिट मिळते. १९९७च्या क्योटो करारान्वये श्रीमंत देश अशी क्रेडिट विकत घेऊन आपले बंधन पुरे करीत. विकसनशील देशांवर कपातीचे बंधनच नसल्याने विकणाऱ्याचे काही जात नसे. २०१५च्या पॅरिस कराराने ही स्थिती पालटली. आता प्रत्येक देशाला स्वतःचे लक्ष्य ठरवावे लागते. कराराच्या सहाव्या कलमान्वये विकलेली कपात घेणाऱ्याच्या खात्यात जमा होते आणि तेवढीच विकणाऱ्याच्या खात्यातून वजा होते. एकच कपात दोघांना मोजता येत नाही.

या जमाखर्चाचा अर्थ शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. घरात खायला लागणारे धान्य सुगीत पडत्या भावाने विकायचे आणि आषाढात तेच चढ्या भावाने विकत आणायचे, हा दुष्टचक्राचा अनुभव त्याच्या पिढ्यांनी घेतला आहे. देशाने स्वस्तात होणारी कपात परदेशाला विकली, तर स्वतःच्या लक्ष्यासाठी महागडी कपातच त्याच्या वाट्याला उरेल.

भारत सरकारने फेब्रुवारी २०२३मध्ये जाहीर केलेल्या यादीकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. तीत १३ बाबी आहेत. साठवणुकीसह अपारंपरिक वीज, आणि तीही केवळ साठवलेल्या भागापुरती. सौर औष्णिक वीज, समुद्रातील पवनऊर्जा, भरती-ओहोटी व लाटांची ऊर्जा, हरित हायड्रोजन व हरित अमोनिया, कॉम्प्रेस्ड बायोगॅस, विमानांसाठी पर्यावरणपूरक इंधन, कार्बन पकडून साठविण्याचे तंत्र इत्यादींचा तीत समावेश आहे. साधी सौर व पवन वीज तीत नाही, वृक्षलागवडही नाही. जे देशाला स्वबळावर जमते ते राखावे आणि जे भांडवल व तंत्रज्ञानाअभावी अडले आहे तेवढेच बाजारात न्यावे, हे यामागचे सूत्र आहे. ते योग्य आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

सूत्र योग्य असले तरी क्योटोच्या काळाचा धडा विसरता येत नाही. शीतकरणाच्या एका वायूच्या उत्पादनात एचएफसी-२३ हा उपवायू निघतो. उष्णता धरून ठेवण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून अधिक आहे. तो जाळण्याचा खर्च अल्प, पण मिळणारी क्रेडिट अमाप. भारतातील व चीनमधील कारखान्यांनी त्यावर मोठी कमाई केली. अखेर युरोपीय संघाने २०१३पासून ही क्रेडिट नाकारली आणि २०१६मध्ये भारत सरकारने हा वायू स्वखर्चाने नष्ट करण्याचा आदेश दिला. कायद्याच्या एका आदेशाने जे साधण्याजोगे होते, त्याला वर्षानुवर्षे बाजाराने बक्षीस दिले.

आज सावध राहावयाचे ते याच ठिकाणी. यादीतील बहुतेक बाबी प्रचंड भांडवलाच्या आहेत. खेड्याशी थेट नाते आहे ते प्रामुख्याने बायोगॅसचे. त्याला लागणारे शेण, पिकांचे अवशेष व साखर कारखान्यातील प्रेसमड हे सारे शेतकऱ्याच्या श्रमातून येते. क्रेडिट मात्र प्रकल्पाच्या मालकाच्या नावे जमा होणार असेल, तर त्या उत्पन्नातील वाटा शेतकऱ्याला मिळावा ही मागणी न्याय्यच ठरते. गुजरात व तामिळनाडूच्या किनाऱ्यांवर समुद्रातील पवनऊर्जेचे बेत आहेत. तेथे मच्छीमारांच्या संमतीचा प्रश्न उभा राहतो. कार्बन पकडण्याच्या नावाखाली जुन्या कोळसा-वीजकेंद्रांचे आयुष्य लांबविले जात नाही ना, हेही पाहावे लागेल.

ऑगस्ट २०२५मध्ये भारत व जपान यांच्यात अशा क्रेडिटसाठी सहकार्याचा करार झाला. यादीची खरी कसोटी आता अशा करारांत लागेल. किती कपात देशाकडे राहिली, किती परक्या खात्यात गेली, तंत्रज्ञान खरोखर आले की केवळ यंत्रे आली, याचा हिशेब संसदेपुढे दरवर्षी मांडला गेला पाहिजे. यादी प्रारंभी तीन वर्षांसाठी होती आणि तिच्यात बदल करण्याची तरतूद आहे. बाजारात पैसा दिसू लागला की सोप्या बाबी तीत घालण्याचा आग्रह वाढतो, हा अनुभव आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी या व्यापाराला सरसकट विरोध करू नये आणि त्याच्या घोषणांनी भारावूनही जाऊ नये. विकले कोणी, भाव काय मिळाला आणि खात्यातून वजा झाले ते कोणाचे, हे तीन प्रश्न गावसभेपासून संसदेपर्यंत विचारले जावेत. देशाची तूट सर्वांच्या माथी आणि नफा काहींच्या पदरी, असा व्यवहार लोकशाहीत फार काळ झाकून राहत नाही. मात्र तो उघडा करणारे कोणीतरी असावे लागते.